कल चाचणी आणि कॉलेजनंतरची वाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजच्या समुपदेशन कक्षात कल चाचणीबद्दल पुन्हापुन्हा कानावर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरेचसे विद्यार्थ्यांचे, काही पालकांचे. एकदोन असेही आहेत की जे कुणी उघड विचारत नाही, पण अहवाल उघडताना चेहऱ्यावर दिसतात.

कल चाचणी नेमकं काय मोजते?

तुम्हाला काय करायला आवडेल असं तुम्हीच सांगितलंत, ते. बिघडलेलं यंत्र उघडून बघणं, दोघांमधलं भांडण मिटवणं, हिशेबाच्या नोंदी तपासणं, कथा लिहिणं अशी साठ, शंभर, कधी दोनशेच्या वर कामं समोर येतात आणि प्रत्येकाबद्दल आवडेल की नाही एवढंच विचारलं जातं. उत्तरांची गटवार बेरीज होते, काही चाचण्यांत ती इतर लोकांच्या उत्तरांशी ताडून बघतात, आणि अहवाल तयार होतो. तुम्ही न सांगितलेलं काहीही चाचणीला माहीत नसतं.

खरं तर ‘चाचणी’ या शब्दानेच निम्मा घोटाळा होतो. इथे बरोबर-चूक नाही, पास-नापास नाही. तरीही मुलं परीक्षेला बसल्यासारखी घाम पुसत बसतात. ‘अभिरुची सूची’ हा शब्द जास्त नेमका आहे, पण बोलताना तो कुणी वापरत नाही, म्हणून आम्हीही ‘कल चाचणी’च म्हणतो.

मला माहीत असलेलंच मला परत सांगणार, तर द्यायची कशाला?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि तो विचारणारा विद्यार्थी सहसा शहाणा निघतो.

‘तुला काय आवडतं?’ असं कुणी थेट विचारलं की आपण शाळेतल्या विषयाचं नाव सांगतो, नाहीतर ओळखीतल्या कुणाच्या तरी व्यवसायाचं. दुसरे शब्दच जवळ नसतात. ‘मला माणसांशी बोलायला आवडतं’ म्हणणाऱ्या दहा जणांपैकी कुणाला समजावून सांगायला आवडतं, कुणाला पटवून द्यायला, तर कुणाला फक्त ऐकायला. पहिल्याचा रस्ता शिकवण्याकडे जातो, दुसऱ्याचा विक्री किंवा वकिलीकडे, तिसऱ्याचा कदाचित समुपदेशनाकडे. साठ छोट्या प्रश्नांमधून हा फरक पुढे येतो. सांगितलेलं तुमचंच असतं, पण सुटंसुटं असतं. ते लावून, नीट मांडून परत मिळतं. शिवाय ज्यांची नावं तुम्ही कधी ऐकली नव्हती अशी दहा-वीस कामं यादीत दिसतात, हा दुसरा फायदा.

म्हणजे मला काय जमेल हे यातून कळत नाही?

नाही. गाणं ऐकायला आवडणं, गायला आवडणं आणि गाता येणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कल चाचणी दुसऱ्या गोष्टीबद्दल विचारते. तिसरीसाठी अभिक्षमता चाचणी असते आणि तिची पद्धतच निराळी: तिथे ठरलेल्या वेळात कोडी सोडवावी लागतात, आकडे, आकृत्या, भाषा. आवड आणि गती यांचा थोडा संबंध असतो, कारण जे आवडतं ते आपण जास्त करतो आणि करता करता हात बसतो. पण एकीवरून दुसरी ठरवता येत नाही. अहवालातल्या सहा गटांपैकी ‘शोधक’ गटात भरपूर गुण मिळाले म्हणजे संशोधक होण्याची बुद्धी सिद्ध झाली, असं समजणारे पालक दर वर्षी भेटतात.

हा प्रकार आला कुठून? शास्त्र आहे की धंदा?

दोन्ही. शास्त्राचा भाग असा. १९०८ मध्ये फ्रँक पार्सन्स यांनी बॉस्टनमध्ये तरुणांना कामधंदा निवडायला मदत करणारं कार्यालय सुरू केलं. त्यांची मांडणी सरळ होती: आधी स्वतःला ओळखा, मग कामांची माहिती घ्या, मग दोन्हींचा मेळ विचारपूर्वक घाला. पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक आलं तेव्हा ते हयात नव्हते.

‘स्वतःला ओळखा’ हे म्हणायला सोपं. ओळखायचं कसं, यावर १९२७ मध्ये एडवर्ड स्ट्राँग यांनी एक चतुर तोडगा काढला. एखाद्या व्यवसायात टिकून असलेल्या लोकांना त्यांनी शेकडो आवडीनिवडी विचारल्या आणि सर्वसामान्य माणसांपेक्षा त्यांची उत्तरं कुठे वेगळी पडतात ते शोधलं. मग विद्यार्थ्याची उत्तरं कोणत्या गटाशी जुळतात ते पाहायचं. गंमत म्हणजे प्रश्नाचा त्या व्यवसायाशी उघड संबंध असायलाच हवा असं नाही. अभियंत्यांना आणि वकिलांना फावल्या वेळात काय आवडतं यातसुद्धा फरक निघतो. स्ट्राँग यांच्या नावाची सूची सुधारत सुधारत आजही वापरात आहे. १९३९ मध्ये फ्रेडरिक कूडर यांनी दुसरी तऱ्हा आणली: तीन कामं द्यायची, त्यांतलं सर्वांत आवडतं आणि सर्वांत नावडतं निवडायचं. तिन्ही आवडत असली तरी सुटका नाही.

पण आज तुमच्या हातात येणाऱ्या बहुतेक अहवालांवर छाप असते ती जॉन हॉलंड यांची. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात भरती होणाऱ्यांच्या मुलाखती घेत. या लोकांचे पूर्वीचे कामधंदे थोड्याच ठरावीक साच्यांत बसतात, असं तिथे त्यांच्या लक्षात आलं. त्यावरून १९५९ मध्ये त्यांनी माणसांच्या आवडी आणि कामं सहा गटांत मांडणारा आपला सिद्धांत पुढे आणला.

धंद्याचा भाग: या सिद्धांतावर कुणाचीही मक्तेदारी नसल्यामुळे त्याची नक्कल करून चकचकीत अहवाल विकणं सोपं आहे. चांगली चाचणी तपासलेली असते. तीच व्यक्ती दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बसली तर निकाल साधारण तोच येतो का, हे बनवणाऱ्यांनी पाहिलेलं असतं आणि त्याची माहिती दिलेली असते. ती मागितल्यावर समोरचा विषय बदलू लागला, तर तुम्हीही उठा.

अहवालातल्या आर, आय, ए, एस, ई, सी या अक्षरांचा अर्थ काय?

हॉलंड यांचे सहा गट. आर म्हणजे हाताने, अवजारांनी, यंत्रांनी करायची प्रत्यक्ष कामं. आय म्हणजे शोधक वृत्ती, ‘हे असं का होतं?’ ही खाज. ए कलात्मक, एस माणसांना शिकवणं, सांभाळणं, बरं करणं. ई म्हणजे उद्यमी: पुढाकार घेणं, पटवणं, चालवणं. सी म्हणजे व्यवस्थेची आवड, नोंदी, नियम, आकडे जिथल्या तिथे.

कुणीही एकाच खणात बसत नाही, म्हणून सर्वाधिक गुणांची तीन अक्षरं घेऊन कोड करतात. समजा तुमचा कोड एस-ए-ई आला. तर माणसांसोबतचं काम पहिलं, पण त्यात काही घडवायला, मांडायला वाव हवा, आणि थोडं नेतृत्वही चालेल. एस-आय-आर आला तर माणसं तीच, पण वाट आरोग्यसेवेकडे झुकते. पहिलं अक्षर एकच असून चित्र किती बदललं पाहा! दुसऱ्या-तिसऱ्या अक्षराकडे दुर्लक्ष करणं ही अहवाल वाचताना होणारी सर्वांत नेहमीची चूक.

ही अक्षरं याच क्रमाने षटकोनाच्या टोकांवर मांडतात. शेजारचे गट एकमेकांना जवळचे, समोरासमोरचे दूरचे. आर-समोर एस, आय-समोर ई, ए-समोर सी. तुमच्या कोडमध्ये समोरासमोरची अक्षरं आली, उदाहरणार्थ ए आणि सी, तर घाबरायचं कारण नाही. अशी माणसं असतात आणि त्यांना साजेशी कामंही असतात: ग्रंथसंपादन, संग्रहालयातल्या वस्तूंची देखभाल, संगीताच्या स्वरलिपीचं काम. मात्र तयार यादीत अशा जोडीसाठी पर्याय कमी दिसतात, म्हणून जास्त शोधावं लागतं. कधी एक आवड पोटापाण्याची होते आणि दुसरी संध्याकाळची. त्यात कमीपणा काहीच नाही.

यादीत पहिल्या क्रमांकावर जे काम आलंय ते मला मुळीच नको. चाचणी चुकली का?

बहुधा नाही. यादी वाचायची पद्धत चुकली.

यादी कशी बनते ते बघा. प्रत्येक व्यवसायाला आधीच एक कोड दिलेला असतो, तुमचा कोड त्याच्याशी जुळवला जातो. त्या व्यवसायाला किती वर्षं शिकावं लागतं, रात्रपाळी असते का, रक्त बघावं लागतं का, पगार किती, यांतलं काहीच त्या जुळणीत नसतं. त्यामुळे ‘दंतवैद्य’ पहिला आला तर त्याचा अर्थ ‘दंतवैद्य व्हा’ असा नाही. शोधक डोकं, बारीक हातकाम आणि समोर माणूस, असं मिश्रण तुम्हाला रुचतं एवढाच त्याचा अर्थ. दातांची किळस येत असेल तर दात सोडा, मिश्रण धरून ठेवा.

आम्ही एक खेळ करायला लावतो. यादीतल्या पहिल्या पंधरा नावांपैकी जी अजिबात नकोत त्यांवर काट मारायची आणि प्रत्येक काटेपुढे ‘का नको’ ते पाच-सहा शब्दांत लिहायचं. ‘फार एकटं वाटेल.’ ‘चूक झाली तर कुणाचा जीव जाईल.’ ‘घरचे हसतील.’ ही कारणं मूळ अहवालापेक्षा जास्त बोलतात. त्यांतलं तिसरं कारण आवडीबद्दल नाही, हे लिहिणाऱ्याच्या स्वतःच लक्षात येतं आणि मग खरी बातचीत सुरू होते.

सगळ्या गटांत सारखेच गुण आले. आता?

सगळे गुण सारखेच उंच असतील तर तुम्हाला खूप काही आवडतं, किंवा ‘नाही’ म्हणायला जड जातं. सगळे सारखेच खाली असतील तर कामांचा अनुभव फारच थोडा आहे, किंवा त्या दिवशी कशातच मन नव्हतं. सतत उदास वाटत असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही रस उरला नसेल, तर करिअरचा प्रश्न बाजूला ठेवून आधी त्याबद्दल बोलायला या. एरवी पर्यायांची सक्ती करणारी, कूडर पद्धतीची चाचणी देऊन पाहता येते. आणि त्याहून चांगलं म्हणजे चार वेगवेगळ्या कामांत थोडं डोकावणं. न चाखलेल्याची आवड-नावड सांगणार तरी कशी?

उत्तरं देताना नेमकं काय लक्षात ठेवायचं?

पगार, प्रतिष्ठा, जमेल की नाही, हे तिन्ही विसरून फक्त करायला आवडेल का ते सांगा. झरझर उत्तरं द्या. ‘सांगता येत नाही’ हा पर्याय दर दुसऱ्या प्रश्नाला निवडलात तर अहवालही तेच म्हणेल.

बारावीत एक कल आला होता, आता वेगळा. विश्वास कशावर ठेवू?

आत्ताच्यावर. २००५ मध्ये, अनेक वर्षं त्याच माणसांचा माग ठेवणाऱ्या ६६ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की शाळकरी वयात आवडी बऱ्याच डळमळतात, १८ ते २२ या वयात त्यांचं स्थैर्य झपाट्याने वाढतं आणि पुढे बराच काळ टिकतं. स्ट्राँग यांनीही कॉलेजात तपासलेल्यांना १८ वर्षांनी पुन्हा गाठलं, तेव्हा आवडींचा ढाचा लक्षणीय प्रमाणात तोच निघाला होता. म्हणजे कॉलेजची वर्षं ही चाचणीसाठी योग्य वेळ आहे. अर्थात ही झाली सरासरी. काहींचा कल तिशीतही वळतो, आणि ते काही बिघाडाचं लक्षण नव्हे.

मुलींचा कल माणसांकडे आणि मुलांचा वस्तूंकडे, हे खरं का?

सरासरीत फरक दिसतो आणि तो लहान नाही. २००९ मध्ये पाच लाखांहून अधिक लोकांच्या उत्तरांचा एकत्रित अभ्यास झाला, त्यातही पुरुषांचा ओढा वस्तूंकडे आणि स्त्रियांचा माणसांकडे जास्त दिसला. पण सरासरी म्हणजे समोर बसलेली मुलगी नव्हे. शिवाय लहानपणापासून कुणाच्या हातात पाना दिला गेला आणि कुणाच्या नाही, याचा हिशेब चाचणी करत नाही. लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडलं होतं की साधारण सहा ते आठ या वयातच मुलं ‘हे बायकांचं, हे पुरुषांचं’ म्हणून व्यवसाय मनातून बाद करू लागतात. कॉलेजात येईपर्यंत ते बाद केल्याचं आठवतही नाही. स्ट्राँग यांच्या सूचीतसुद्धा स्त्री-पुरुषांसाठी वेगळे फॉर्म होते, ते १९७४ मध्ये एकत्र झाले.

म्हणून एखाद्या मुलीचा आर गट थोडासाच वर आला, तरी आम्ही तिथे थांबतो आणि विचारतो: हे कधी करून पाहिलंयस का?

‘वाचताना वाटलं, अगदी मीच!’ म्हणजे अहवाल बरोबर ना?

१९४८ साली बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि प्रत्येकाला ‘तुझ्यासाठी खास’ म्हणून वर्णन वाटलं. किती अचूक आहे याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांना वाटलेलं वर्णन शब्दशः एकच होतं, आणि त्यातली बरीच वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातली होती. तेव्हा ‘अगदी मीच’ हा पुरावा नव्हे. अहवालातलं वाक्य तुमच्या अगदी वेगळ्या स्वभावाच्या मित्राला वाचून दाखवा. त्यालाही ते लागू पडलं तर ते कुणालाच लागू नाही.

बोटांच्या ठशांवरून कल सांगणाऱ्यांबद्दलही विचारणा होते. त्याला वैज्ञानिक आधार नाही. व्यक्तिमत्त्वाचे चार अक्षरी प्रकार सांगणाऱ्या चाचण्या वेगळ्या. गप्पांना त्या बऱ्या, पण त्या आवड मोजत नाहीत.

इंटरनेटवरची मोफत चाचणी चालेल का?

नीट निवडलीत तर नक्की. अमेरिकेच्या कामगार खात्याची ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर मोफत आहे. तिच्या छोट्या आवृत्तीत ६० प्रश्न आहेत, त्याहून छोटीत ३०, आणि निकाल हॉलंडच्या सहा गटांतच मिळतो. व्यवसायांची माहितीही तपशीलवार आहे. मात्र तिथला पगार, परवाने, शिक्षणाच्या अटी त्या देशाच्या आहेत. कोड घ्या, बाकी चौकशी आपल्याकडे करा. दहा प्रश्नांत ‘तुमचं स्वप्नातलं करिअर’ सांगणाऱ्या खेळांबद्दल न बोललेलंच बरं.

कलाप्रमाणे काम मिळालं तर मी सुखी होईन का?

थोडी मदत होईल. २०२० मध्ये शंभराहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा कामाशी आवडीची जुळणी आणि कामातलं समाधान यांचा सहसंबंध सुमारे ०.१९ निघाला. काहीच संबंध नसेल तर शून्य, पूर्ण असेल तर एक, या पट्टीवर हे फार नाही. वरिष्ठ कसा आहे, सहकारी कसे आहेत, पगार वेळेवर होतो का, यांचाही समाधानात वाटा असतो. आवडीची जुळणी अभ्यासात टिकून राहायलाही मदत करते. कंटाळवाण्या आठवड्यात पुस्तक उघडायला लावते ती आवडच.

तिसऱ्या वर्षाला आहे आणि कल भलत्याच विषयाकडे निघाला. सगळं सोडून देऊ?

आधी श्वास घ्या. पदवीचा विषय आणि करायचं काम यांच्यात विद्यार्थ्यांना वाटतं तेवढा घट्ट सांधा नसतो. प्रत्येक क्षेत्रात सहाही प्रकारची कामं सापडतात. रसायनशास्त्र शिकलेल्या आणि कल ए-एस निघालेल्या मुलीपुढे विज्ञान लेखन आहे, शिकवणं आहे, प्रदर्शनांची मांडणी आहे. लेखाशास्त्र शिकणाऱ्या आय कलाच्या मुलापुढे आर्थिक गैरव्यवहारांचा तपास आहे. ते काम म्हणजे जवळजवळ गुप्तहेरगिरी.

तेव्हा पहिला प्रश्न ‘विषय बदलू का?’ हा नाही. ‘याच विषयात माझ्या कलाचा कोपरा कुठला?’ हा आहे. तो शोधूनही हाती काही लागलं नाही, तर पदवी पुरी करून पुढचं शिक्षण दुसरीकडे वळवता येतं. मधूनच सोडण्याचा सल्ला आम्ही क्वचित देतो आणि तोही केवळ चाचणीच्या जोरावर कधीच नाही.

आम्ही पालक आहोत. मुलाचा अहवाल आम्हाला दाखवाल?

मुलगा सज्ञान असेल तर त्याला विचारून. तो दाखवेल तेव्हा एकच विनंती: ‘तरी मी म्हणतच होते’ हे वाक्य गिळा. आणि अहवाल तुमच्या मनासारखा आला नाही म्हणून दुसऱ्या ठिकाणी नवा काढून आणू नका. मुलांना ते कळतं, आणि पुढच्या वेळी ती तुम्हाला हवी ती उत्तरं भरतात.

अहवाल हातात आला. पुढे काय करू?

इथेच बहुतेकांची गाडी थांबते. अहवाल फोनमध्ये राहतो आणि परीक्षा जवळ येतात.

स्टीव्हन ब्राउन आणि नॅन्सी रायन क्रेन यांनी २००० मध्ये करिअर मार्गदर्शनावरचे अभ्यास तपासून कोणत्या गोष्टींनी खरोखर फरक पडतो ते मांडलं: स्वतः लिहून काढणं, आपल्या निकालावर कुणाशी तरी समोरासमोर बोलणं, कामांची खरी माहिती, त्या वाटेने गेलेली माणसं, आणि जवळच्यांचा पाठिंबा. नुसता अहवाल वाचणं त्यात नाही.

आमचा आग्रह असतो दोन आठवड्यांचा. यादीतली तीनच कामं निवडा, त्यांतलं एक तरी असं की ज्याबद्दल तुम्हाला काहीच माहीत नाही. प्रत्येक काम करणाऱ्या एका माणसाला गाठा. कॉलेजचे माजी विद्यार्थी सहसा वेळ देतात. ‘तुमचं काम आवडतं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘गेल्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंत?’ असं विचारा. वकिलाचा मंगळवार युक्तिवादात कमी आणि कागद वाचण्यात जास्त गेलेला निघतो, डिझायनरचा ग्राहकाच्या फोनवर. तो मंगळवार ऐकताना तुम्हाला कंटाळा आला की हेवा वाटला, ते त्याच दिवशी लिहून ठेवा. मग शक्य असेल तर त्या कामाचा एखादा तुकडा करून बघा: सुट्टीतली इंटर्नशिप, एखादा छोटा प्रकल्प, नाहीतर एक दिवस नुसतं शेजारी बसणं.

चाचणी पुन्हा कधी द्यायची?

निकाल आवडला नाही म्हणून लगेच नको. इंटर्नशिप, नोकरी किंवा एखादं वेगळं वर्ष गेल्यावर द्या, म्हणजे नव्या उत्तरांमागे काही घडलेलं असेल. जुनी उत्तरपत्रिका मात्र जपून ठेवा. ज्या प्रश्नांची उत्तरं बदलली त्यांवर पेन्सिलने खुणा करा आणि तो कागद घेऊन या. नवा अहवाल नंतर उघडू.